मंडळीत आपण 'घरचे' कधी होतो?

पाऊलवाट

बदली झाली, गाव सुटलं आणि लहानपणापासूनची मंडळीही (चर्चमधला आमचा समुदाय) सुटली. इथे आल्यावर जवळच्या चर्चला जायला लागले, त्यालाही आता वर्ष उलटलं. उपासना मनापासून आवडते. पाळकसाहेब तयारी करून बोलतात, गायन उत्तम आहे, दारात उभे असलेले काका हसून हात मिळवतात. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी तेच काका विचारतात, "नवीन का तुम्ही? या, या!" आशीर्वाद झाला की सगळे बाहेर घोळक्याने उभे राहतात. मी गीतपुस्तक जागेवर ठेवायला जरा जास्त वेळ लावते, कोणी बोलायला आलं तर बरं म्हणून. मग निघते.

आधीच्या मंडळीत हा प्रश्नच कधी पडला नाही. संडे स्कूलपासून तिथेच वाढले. मला कोणी सामावून घेतलं असं नव्हतं, मी त्यांच्यात होतेच.

देवाशी नातं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण माणसांशी जोडलं जाणं हे उपासनेइतकंच गरजेचं धरावं की माझी अपेक्षाच जास्त आहे? आणि ज्यांना एखाद्या मंडळीत परकं वाटायचं आणि पुढे वाटेनासं झालं, त्यांच्या बाबतीत नेमकं काय घडलं? सगळ्या पंथांच्या लोकांनी लिहावं. चर्चला जाणं सोडलेल्यांनीही जरूर लिहावं.

दुसरा_बाक

अपेक्षा अजिबात जास्त नाही. उपासना एकट्याने करायची असती तर प्रभूने शिष्यांना घरोघरी बसूनच प्रार्थना करायला सांगितलं असतं.

मंद्रसप्तक

माझं उत्तर एका शब्दात: काम घ्या.

मीही बराच काळ मागच्या बाकावर बसून घरी जात होतो. मग एका रविवारी गायकवृंदाच्या ताईंनी शेजारून माझा आवाज ऐकला आणि उपासनेनंतर थेट विचारलं, "खालचा सूर धरता येतो का? आमच्याकडे पुरुषांचा आवाज कमी पडतोय." मी जायला लागलो. शनिवारच्या सरावात गाण्यापेक्षा गप्पाच जास्त होत. कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं तिथेच कळायचं. पुढे एकदा तापाने पडलो तर फोनवर फोन. "तिसऱ्या कडव्यात तुझ्याशिवाय खालची बाजू रिकामी पडते," असं एकाने सांगितलं तेव्हा अंगात ताप असूनही फार बरं वाटलं.

स्वागत पाहुण्यांचं होतं, काम घरच्यांना सांगतात. खुर्च्या लावा, संडे स्कूलमध्ये मदत करा, काहीही करा.

झुळूक

मंद्रसप्तक, +१. मी प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द दाखवते. एक कडवं चुकलं की सगळी मंडळी मागे वळून बघते. ओळख व्हायला याहून जलद मार्ग नाही! :)

कोरा_कागद

मंद्रसप्तक, तुमचा अनुभव छान आहे, पण माझा नेमका उलटा आहे. तो इथे मांडणं गरजेचं वाटतं, कारण 'काम घ्या' हा सल्ला सगळीकडे सहज दिला जातो.

मी एका मंडळीत कित्येक वर्षं हिशेब पाहिले. दानार्पणाची मोजणी, पावत्या, बँक, वार्षिक सभेचा अहवाल, सगळं माझ्याकडे होतं. सगळे मला नावाने ओळखायचे. मग तब्येत बिघडली, घराबाहेर पडणंच बंद झालं. सुरुवातीला फोन आले. कपाटाची किल्ली कुठे आहे, मागच्या तिमाहीची फाईल कोणती, चेकबुक कोणाकडे दिलं. किल्ली आणि फाईल पोचती झाल्यावर फोन थांबले. त्यांना माझा उपयोग होता, मी त्यांची नव्हते. हा फरक अंथरुणावर पडल्यावरच कळला.

काम करून जागा मिळवायची असेल तर काम न करू शकणाऱ्याने काय करायचं? थकलेली आजी, नैराश्याने ग्रासलेला मुलगा, तान्हं बाळ घेऊन बसलेली आई यांनी कोणता सूर धरायचा? बाप्तिस्मा झाला तेव्हा 'तुला काय येतं' असं कोणी विचारलं नव्हतं.

मंद्रसप्तक

कोरा_कागद, वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. तरी एक सांगतो. काम हे दार उघडायला उपयोगी पडतं, एवढंच मला म्हणायचं होतं. आत गेल्यावर माणसं माणसांकडे बघतात की कपाटाच्या किल्लीकडे, हे त्या मंडळीवर आहे.

जुने_पान

या वादाला एक जुना संदर्भ आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या सभागृहावर कर्ज होतं. पंथाचे नेते जॉन वेस्ली आणि सहकारी ते कसं फेडायचं याचा विचार करत होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं. कोणीतरी म्हणालं, गरिबांना तेही झेपणार नाही. तेव्हा त्यांच्यातला एक कॅप्टन उठला आणि म्हणाला, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्या नावावर लिहा. त्यांनी दिलं तर ठीक, नाहीतर त्यांच्या वाटचं मी भरेन. इतरांनीही तसंच स्वीकारलं. झालं असं की हे लोक दर आठवड्याला पेनी मागायला घरी जायला लागले आणि कोण कसं जगतंय ते त्यांना दिसायला लागलं. कोण आजारी, कोण दारूत बुडालाय, कोणाच्या घरात भांडण आहे. वेस्लींच्या लगेच लक्षात आलं की इतके दिवस आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे ते बारा-बारा जण दर आठवड्याला एकत्र बसू लागले आणि मेथडिस्टांच्या वाढीचा कणा तोच ठरला.

म्हणजे सुरुवात पैशाची, पण टिकलं ते दर आठवड्याला कोणीतरी येऊन 'कसे आहात' विचारणं. कोरा_कागद यांच्याकडे फोन आले ते फाईलसाठी. कोणी पेनीसाठी आलं असतं तरी बसलं असतं, बोललं असतं.

चौकट_राणी

जुने_पान, म्हणजे आमच्या मंडळीत वर्गणी मागायला येणाऱ्या काकांना यापुढे दारातून परत पाठवायचं नाही, आत बसवायचं. :)

निरभ्र

थोडं वेगळं मत मांडते. मी कॅथलिक आहे. आमचा धर्मग्राम (एका चर्चचा परिसर) खूप मोठा, रविवारी एकापाठोपाठ एक मिस्सा, म्हणजे आमची उपासना. मला ओळखणारं तिथे फारसं कोणी नाही आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट काळात मला तेच हवं होतं. लग्न मोडलं होतं. कोणी आपुलकीने विचारपूस केली असती तरी मी तिथून पळून आले असते. मिस्सामध्ये कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काय म्हणायचं, सगळं पाठ. स्वतःचे शब्द सुचत नव्हते तेव्हा ते तयार शब्द पुरले. शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की शेजारच्या अनोळखी बाई माझ्याकडे वळून नमस्कार करायच्या. त्या दिवसांत तेवढीच भेट मला झेपत होती.

वेदीभोवती जमलेले आपण एक आहोत हे मला ओळखीपाळखीतून सिद्ध करावं लागत नाही. जगात बहुतेक कुठेही मिस्साला गेले तरी क्रम तोच असतो, म्हणून कुठेच परकं वाटत नाही. बाहेरच्या घोळक्यावर सगळं मोजू नका, पाऊलवाट.

आकडेमोड

निरभ्र, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून एक अभ्यास सांगतो. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या दोघांनी अमेरिकेत २००६ आणि २००७ मध्ये त्याच माणसांना दोनदा प्रश्न विचारले आणि २०१० साली निष्कर्ष छापले. नियमित चर्चला जाणारे आयुष्याबद्दल अधिक समाधानी असतात हे आधीपासून माहीत होतं. यांनी विचारलं की असं का. उत्तर निघालं, चर्चमध्ये असलेले जवळचे मित्र. जे नियमित जातात पण ज्यांचा तिथे एकही मित्र नाही, त्यांना तो फायदा दिसला नाही. नुसते मित्र इतरत्र असूनही पुरलं नाही, ते त्याच मंडळीतले लागले.

तेव्हा पाऊलवाट यांची हुरहुर हा लहरीपणा नाही.

निरभ्र

असेल. पण समाधान मोजता येतं म्हणून तेच मोजलं गेलं. त्या काळात मी समाधानी नव्हतेच, टिकून होते. ते कोणत्या रकान्यात लिहिणार?

आकडेमोड

हे मान्य. त्या रकान्यात बसणारं नाही.

उंबरठा

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. माझी पत्नी ख्रिस्ती आहे, माझा बाप्तिस्मा झालेला नाही. लग्नापासून तिच्याबरोबर चर्चला जातो. आता उपदेश माझ्यासाठीच असावेत असं वाटावं इतका गुंतलोय. मंडळीतले लोक चांगले आहेत, नावानिशी ओळखतात, मुलांचं कौतुक करतात.

पण प्रभुभोजनाच्या रविवारी आमची ओळ उठते तेव्हा मी गुडघे बाजूला वळवून सगळ्यांना जायला वाट देतो. ते पुढे जातात, मी रिकाम्या बाकावर एकटा. परत येताना पुन्हा गुडघे वळवतो. बाप्तिस्मा न झालेल्याने प्रभुभोजन घ्यायचं नाही हा नियम मला ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. निर्णय घ्यायला मला वेळ हवा आहे, घाईने घेतलेला मला चालणार नाही. पण त्या काही मिनिटांत मी या लोकांचा आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. मधे एकदा आमच्या ओळीतले एक वृद्ध गृहस्थ गुडघ्यांच्या दुखण्याचं कारण सांगून पुढे गेलेच नाहीत. सेवकांनी त्यांना जागेवर प्रसादाचा भाग आणून दिला. तो घेतल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सगळे परत येईपर्यंत तसाच ठेवला. तेव्हापासून ते त्या रविवारी माझ्या शेजारीच बसतात.

कोरा_कागद

उंबरठा, मला जे म्हणायचं होतं ते हेच.

जुने_पान

उंबरठा, तुमच्यासारख्यांचा विचार आपल्याकडे फार आधी झालाय. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावं हीच त्यामागची कल्पना होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. आणि घाईचं म्हणाल तर त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एका घरात मधे पाच वर्षं गेली. तुम्ही सावकाश घ्या.

एकटा_जीव

मला एक सल आहे, तो इथे काढतो. अविवाहित माणसाला मंडळीत जागा सापडत नाही. तरुण संघातून वय निघून गेलं. दांपत्यांच्या मेळाव्याला जाता येत नाही. 'कुटुंब रविवार' असला की प्रत्येक कुटुंब पुढे येऊन प्रार्थना करतं आणि मी जागेवर. "घरचे नाही आले?" हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो हे कळतं, तरी उत्तर देणं जड जातं.

मला धीर मिळाला तो बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातून. नुसती नावांची यादी म्हणून आपण तो भराभर वाचून टाकतो. एकदा सावकाश वाचा. पौल एकटा माणूस. आणि बघा किती जणांना नावानिशी सलाम सांगतो. प्रिस्का आणि अक्विला, ज्यांच्या घरी मंडळी जमते. फिबीची तर शिफारसच करतो, तिने पुष्कळांना मदत केली म्हणून. आणि रूफसची आई, जी माझीही आई आहे असं म्हणतो! रूफसच्या आईने त्याच्यासाठी काय केलं ते लिहिलेलं नाही. पण एवढा मोठा प्रेषित, त्यालाही कोणीतरी आई लागत होती आणि ती त्याला मंडळीत मिळाली.

झुळूक

एकटा_जीव, हे वाचून तो अध्याय आत्ता उघडला. आजवर खरंच भराभर वाचत होते.

चौकट_राणी

अवांतर: लहान मुलांच्या आयांबद्दल कोणीतरी लिहा. काचेमागच्या खोलीत बसून स्पीकरवर उपदेश ऐकायचा म्हणजे घरी यूट्यूबवर बघण्यासारखंच. रडू दे की दोन मिनिटं बाळ. ज्या चर्चमध्ये बाळ रडत नाही तिथे वीस वर्षांनी कोण बसणार आहे?

दुसरा_बाक

अवांतर अजिबात नाही. आमच्या पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलंय: मूल रडलं तर मी आवाज वाढवीन, आईने बाहेर जायचं नाही.

वडीलमंडळी

मी एका मंडळीत वडील म्हणून, म्हणजे कारभार पाहणारा पदाधिकारी म्हणून, सेवा करतो. दुसऱ्या बाजूने थोडं लिहितो, सबब म्हणून नाही, समजावं म्हणून.

पाऊलवाट, तुम्हाला 'नवीन का' विचारणाऱ्या काकांचं मला फार नवल वाटत नाही. आमच्याकडे याच्या उलट होतं. दहा वर्षं येणाऱ्याला 'नवीन का' विचारलं गेलं तर काय, या भीतीने लोक अनोळखी चेहऱ्याशी बोलायलाच जात नाहीत. आणि रविवार हा पदाधिकाऱ्यांचा कामाचा दिवस असतो. आशीर्वाद संपतो आणि कोणी ना कोणी बाही धरतं: लग्नाची तारीख, पाण्याची टाकी, दफनभूमीचा कागद. समोरून एकटं माणूस निघून जाताना दिसतं आणि पाय सुटत नाही.

आम्ही वडीलमंडळात एक ठरवलं. उपासना संपल्यावर पहिली काही मिनिटं मंडळीच्या कारभाराबद्दल आपसात एक अक्षर बोलायचं नाही. त्या वेळात प्रत्येकाने अशा कोणाशी तरी बोलायचं ज्याच्याशी मागच्या रविवारी बोललो नव्हतो. आणि सोमवारी एकजण यादी घेऊन बसतो: काल कोण दिसलं नाही. त्यांना फोन जातो. फोनवर कामाचं काहीही विचारायचं नाही हा नियम कडक आहे. कोरा_कागद, तुमचं वाचून तो अजून कडक करावासा वाटतोय.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातही तक्रार अशीच आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी 'तुमची अपेक्षा जास्त आहे' असं म्हटलं नाही. सात माणसं निवडली, आणि सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांना डावललं जात होतं त्यांच्यातल्या माणसांच्याच हाती वाटप दिलं. म्हणून परकं वाटणाऱ्यांनी गप्प राहू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्हाला दिसत नाही, सांगावं लागतं.

आकडेमोड

सांगणाऱ्याला बसायला कुठे मिळतं त्यावरही ते अवलंबून असतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक चर्चमध्ये बाक भाड्याने दिले जात. पुढचे बाक पैसेवाल्यांचे, गरिबांना फुकटच्या जागा मागे किंवा कडेला. आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात याकोब दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच करू नका म्हणून बजावतो: सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा, गरीब आला की 'तिथे उभा राहा'. इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही ती प्रथा कितीतरी काळ चालली. भाडं गेलं, पण ठरलेल्या जागा अनेक ठिकाणी अजून आहेत. नवा माणूस चुकून कोणाच्या जागेवर बसला तर काय होतं ते पाहा, त्यावरून मंडळी कळते.

निरभ्र

अजून एक गोष्ट आठवली. संत बेनेडिक्टने मठातल्या साधूंसाठी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमांत पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आला असं समजून करायला सांगितलंय. पण जो मठात कायमचा राहायला येतो त्याला सहज आत घेऊ नका, असंही आहे. आधी दोन महिने, मग सहा, मग चार, दर टप्प्यावर सगळा नियम वाचून दाखवायचा आणि विचारायचं, राहणार का. म्हणजे पूर्ण वर्ष. पाहुणा पहिल्याच दिवशी ख्रिस्त, घरचा व्हायला मात्र वर्ष! पाऊलवाट, तुमचंही वर्ष आत्ताच संपलंय.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. निरभ्र, पण त्या वर्षात त्याच्यासोबत एक अनुभवी साधू नेमलेला असायचा ना? मला वाटतं मला तोच हवाय.

दरम्यानची हकीगत सांगते. वडीलमंडळी यांचं 'सांगावं लागतं' वाचून रविवारी दारातल्या काकांना मीच म्हटलं, "मी नवीन नाही, वर्षभर येतेय. माझं नाव सांगते, तुमचंही सांगा." ते ओशाळले. मग म्हणाले की त्यांना चेहरे लक्षात राहत नाहीत, नावं राहतात, आणि नाव विचारायचा त्यांना संकोच वाटतो. त्यांनीच मला एका काकूंकडे नेलं. त्यांच्या घरी बुधवारी प्रार्थनासभा असते. गेले. लहानशी खोली, जमिनीवर सतरंजी, सातआठ जण. प्रत्येकाने प्रार्थनेचा विषय सांगायचा असतो. माझी पाळी आली तेव्हा आईच्या डोळ्यांबद्दल सांगितलं. कोणी उपाय सुचवले नाहीत. प्रार्थनेत काकूंनी आईचं नाव घेतलं, म्हणजे मी ओझरतं सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

आपलं वाटायला लागलं असं अजून म्हणणार नाही. पुढच्या बुधवारी जाणार आहे.

कोरा_कागद

जा. आणि शक्यतो इतक्यात कोणतंही काम घेऊ नका! आधी त्यांना नुसतं तुम्हाला ओळखू दे.

मंद्रसप्तक

यावेळी मीही कोरा_कागद यांच्याच बाजूने. गायकवृंद कुठे पळून जात नाही.

उंबरठा

वडीलमंडळी, एक विचारू? तुमची सोमवारची यादी फक्त सभासदांची असते की माझ्यासारख्यांचीही?

वडीलमंडळी

सभासद नोंदवहीवरूनच करतो आजवर. चांगलं विचारलंत. येत्या बैठकीत हा विषय मांडतो आणि काय ठरलं ते इथेच लिहितो.